बल केंद्राकडे असेल, तर बसमध्ये आपण बाहेर का दाबले जातो? आणि फॅट आत का येते?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार. माझी मुलगी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला (म्हणजे अकरावीला) विज्ञान शाखेत शिकते. तिचे पुस्तक इंग्रजीत असल्यामुळे संध्याकाळी आम्ही दोघे बसून धडा मराठीत उलगडून पाहतो, आणि त्यातूनच हा प्रश्न निघाला आहे. वर्तुळाकार मार्गाने फिरणाऱ्या वस्तूवर केंद्राच्या दिशेने बल असते, त्याला अभिकेंद्री बल म्हणतात, असे पुस्तक सांगते. आमचा अनुभव मात्र उलटा आहे. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याकडे जाणारी बस उजवीकडे वळली, की डाव्या खिडकीजवळ बसलेला माणूस खिडकीवर दाबला जातो.

दुसरा अनुभव माझ्या कामातला आहे. मी दूध संस्थेत दुधातील फॅटचे, म्हणजे स्निग्धांशाचे, प्रमाण मोजतो. गर्बर पद्धतीत नळीमध्ये १० मिलिलिटर सल्फ्युरिक आम्ल, १०.७५ मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाईल अल्कोहोल घालून बूच घट्ट बसवतो, आणि बुचाची बाजू बाहेर व नळीची आकडे असलेली बारीक दांडी केंद्राकडे अशा रीतीने नळ्या गोल फिरणाऱ्या मशीनमध्ये ठेवतो. मिनिटाला सुमारे ११०० फेऱ्यांच्या वेगाने पाच मिनिटे मशीन फिरले, की फॅटचा पिवळसर पारदर्शक थर दांडीत, म्हणजे केंद्राच्या बाजूला जमतो आणि आम्लाचे काळपट मिश्रण बाहेरच्या बाजूला राहते. बल बाहेर ढकलणारे असेल, तर फॅट आत का येते? आणि ते आत ओढणारे असेल, तर जड मिश्रण बाहेर का राहते? एकाच मशीनमध्ये दोन दिशा कशा, याचे उत्तर मला मुलीला देता आले नाही.

वडगावची विज्ञान शिक्षिका

दादा, प्रश्न फार चांगला आहे. आधी बसचे पाहू, कारण ते स्पष्ट झाल्याशिवाय नळीचे कोडे सुटणार नाही.

गतीत असलेल्या वस्तूवर कोणतेही बल नसेल, तर ती सरळ रेषेत, त्याच वेगाने जात राहते. बस उजवीकडे वळू लागते तेव्हा प्रवाशाचे शरीर सरळच जाऊ पाहते. त्याला बाहेर ढकलणारे कोणी नसते. बसच त्याच्या सरळ वाटेवरून उजवीकडे सरकते आणि तिची डावी भिंत त्याच्यापर्यंत येऊन पोहोचते. भिंत टेकली, की ती त्याला उजवीकडे, म्हणजे वळणाच्या केंद्राकडे रेटते, आणि या रेट्यामुळेच तो बसबरोबर वळतो. आपल्याला दाब जाणवतो तो या भिंतीचा. त्या दाबाची दिशा आतली आहे, आपण तिचा अर्थ बाहेरचा लावतो.

मुलीला एक सवय लावावी असे मला वाटते. वर्तुळाकार गतीचे कोणतेही उदाहरण समोर आले, की तिने पहिल्यांदा विचारावे: केंद्राकडे ओढणारे किंवा रेटणारे येथे कोण आहे? अभिकेंद्री बल हा बलांचा वेगळा प्रकार नाही. गोफणीत दोरीचा ताण ते काम करतो, वळणावरच्या बसच्या बाबतीत टायर आणि रस्ता यांमधील घर्षण करते, चंद्राच्या बाबतीत पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण करते. आकृतीत ताण, घर्षण वगैरे दाखवून झाल्यावर शेजारी अभिकेंद्री बलाचा आणखी एक बाण काढणारी मुले मी दरवर्षी पाहते, आणि तो बाण खोडायला लावते. गोफणीचे एक टोक सुटले, की धोंडा त्या क्षणी ज्या दिशेने चाललेला असतो त्या स्पर्शिकेच्या दिशेने निघून जातो; केंद्रापासून सरळ बाहेरच्या दिशेने तो उडत नाही. जोंधळ्याच्या राखणीला बसणाऱ्याला हे नेमके ठाऊक असते, म्हणून तो धोंडा पाखरांच्या दिशेला येण्याच्या जवळजवळ पाव फेरी आधी दोरी सोडतो.

मलप्रभाकाठ

बसचे पटले, ताई. परंतु नळीत भिंत फक्त बुचाच्या टोकाला आहे. मधल्या द्रवाला आणि फॅटच्या थेंबाला कोण रेटते?

उद्यमबाग ओतकाम

या प्रश्नाचे उत्तर दाबाच्या फरकात आहे. आमच्या धंद्यात याच तत्त्वावर फिरत्या साच्यात पाइप आणि बुश ओततात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फिरणाऱ्या नळीतील द्रवाचा एक पातळ थर डोळ्यांसमोर आणा. त्याला वर्तुळात फिरत राहायचे असेल, तर कोणीतरी त्याला केंद्राकडे रेटले पाहिजे. हे काम त्याच्या बाहेरचा थर करतो, त्या थराला त्याच्याही बाहेरचा थर रेटतो, आणि शेवटी सगळ्यांचा भार बुचावर येतो. म्हणून नळीतील दाब केंद्राकडून बाहेर जाताना वाढत जातो, विहिरीत खोल जाताना पाण्याचा दाब वाढतो तसाच. आता द्रवात बुडालेला कोणताही थेंब घ्या. त्याच्या बाहेरच्या बाजूचा दाब आतल्या बाजूपेक्षा जास्त असल्यामुळे त्याला एकंदर रेटा केंद्राकडेच मिळतो. हा रेटा थेंब कशाचा आहे यावर ठरत नाही, त्याच्या आकारमानावर ठरतो. आणि त्या जागी आजूबाजूचा द्रव असता तर त्याला फिरत ठेवण्यासाठी जेवढा लागला असता, बरोबर तेवढाच तो असतो.

फॅटचा थेंब त्याच आकारमानाच्या आम्लमिश्रणापेक्षा बराच हलका असतो. त्याला फिरत राहण्यासाठी कमी बल पुरते, पण मिळते मात्र मिश्रणाएवढे. जादा मिळालेल्या बलामुळे तो केंद्राकडे सरकतो. उलट एखादा जड कण असेल, तर त्याला लागते त्यापेक्षा कमी बल मिळते, त्यामुळे त्याचा मार्ग पुरेसा वळत नाही आणि तो बाहेर सरकत जातो. तेव्हा दोन दिशांची दोन बले तेथे नाहीतच. रेटा सगळ्यांना आतच मिळतो. कोणाला गरजेपेक्षा जास्त, कोणाला कमी, एवढाच फरक आहे. तुमच्या मशीनमध्ये आम्ल घातल्याने दोन गोष्टी साधतात: दुधातील प्रथिने विरघळून फॅट मोकळे होते, आणि भोवतालचा द्रव दुधापेक्षा पुष्कळ जड झाल्याने हा फरक वाढतो.

आकडाही काढून पाहा. मिनिटाला ११०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे ११५ रेडियन. केंद्रापासून २५ सेंटिमीटरवर याचा वर्ग गुणिले त्रिज्या केले, की त्वरण सुमारे ३३०० मीटर प्रति सेकंद वर्ग येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ३४० पट. नळी नुसती उभी ठेवून जे काम फार सावकाश आणि अपुरे झाले असते, ते पाच मिनिटांत होते ते यामुळे. फिरत्या साच्यातल्या ओतकामातही धातूपेक्षा हलकी मळी अशीच आतल्या पृष्ठभागाकडे येते आणि नंतर ती लेथवर कातून काढता येते.

मुलीला स्वतः पाहायचे असेल, तर पाण्याची बाटली जवळजवळ पूर्ण भरून, थोडीशी हवा ठेवून, बसमध्ये आडवी, उजव्या-डाव्या दिशेने धरावी. बस उजवीकडे वळली, की माणसे डावीकडे कलतात आणि हवेचा बुडबुडा मात्र उजव्या टोकाकडे जातो.

शहापूरकर

बाटलीचा प्रयोग उत्तम आहे. मात्र अपकेंद्री, म्हणजे केंद्रापासून बाहेरच्या दिशेचे, बल नसतेच, असा मुलीचा समज होऊ नये. यंत्र अभियांत्रिकीत आम्ही ते धरूनच गणिते सोडवतो, आणि उत्तरे बरोबर येतात. इतिहासातही हायगेन्स यांनी १६७३ मध्ये बाहेरच्या ओढीचे नियम आधी प्रसिद्ध केले. केंद्राकडील बलाला त्याचे नाव आणि मध्यवर्ती स्थान न्यूटन यांनी १६८७ मध्ये दिले.

वडगावची विज्ञान शिक्षिका

आपले म्हणणे योग्य आहे. आपण बसबरोबर किंवा मशीनबरोबर फिरत आहोत असे मानून हिशेब करायचा ठरवला, तर त्या फिरत्या चौकटीत बाहेरच्या दिशेचे बल धरावेच लागते आणि त्यात काही चूक नाही. तसे धरल्यास नळीतली बाहेरची बाजू म्हणजे खालची बाजू होते, आणि फॅट वर तरंगते असे म्हणता येते. अट एवढीच, की रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्याच्या आकृतीत ते बल घुसवू नये. विद्यार्थी दोन्ही बाण एकाच आकृतीत काढतात, मग दोन्ही बले समान आणि विरुद्ध म्हणून एकमेकांना खोडतात, आणि वस्तू सरळ जायला हवी असे उत्तर येते. पीयूसीच्या पातळीवर मी तरी जमिनीवरूनच पाहायला सांगेन, कारण तेथे प्रत्येक बलाचा कर्ता दाखवता येतो.

निपाणी ऊस वाहतूक

वर टायरच्या घर्षणाचा उल्लेख आला आहे, म्हणून आमच्या रस्त्यावरचे लिहितो, कारण हंगामात दरवर्षी उसाच्या ट्रॉल्या वळणावर उलटतात आणि दोष नेहमी जादा वजनाला दिला जातो.

वळण्यासाठी लागणारे त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटरला ते २ मीटर प्रति सेकंद वर्ग येते, ५४ ला साडेचार, ७२ ला ८. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगले टायर साधारण ७ ते ८ पर्यंत साथ देतात, ओल्या रस्त्यावर पुष्कळ कमी. वेग दुप्पट केला की गरज चौपट होते, हे वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावे.

ट्रॉलीचे मात्र घसरण्याआधीच उलटणे होते. घर्षण खाली चाकापाशी आत ओढते आणि उसाचा गुरुत्वमध्य बराच वर असतो, त्यामुळे ट्रॉली बाहेरच्या चाकावर पालथी होऊ पाहते. चाकांमधील अंतराच्या निम्मे ०.८ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची १.८ मीटर धरली, तर १५ मीटर त्रिज्येच्या गावठाणातल्या वळणावर ताशी साधारण २९ किलोमीटरलाच आतले चाक जमिनीवरून उचलले जाते. या हिशेबात वजन दोन्ही बाजूंनी कटून जाते, राहते ती फक्त उंची आणि रुंदी. तेवढाच ऊस उंच रचण्याऐवजी दोन ट्रॉल्यांत बुटका भरला, तर वाचवतो तो हा फरक. शिवाय आमच्याकडचे बरेच अंतर्गत रस्ते मध्ये फुगीर आणि दोन्ही कडांना उतरते असतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजव्या वळणावर रस्त्याचा उतार नेमका बाहेरच्या बाजूला मिळतो, आणि वर काढलेला वेग प्रत्यक्षात आणखी कमी धरावा लागतो. घाटात बाहेरची कड मुद्दाम उंच ठेवतात. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकांप्रमाणे बर्फ न पडणाऱ्या डोंगराळ भागात हा उतार जास्तीत जास्त १० टक्के ठेवता येतो, आणि तेवढ्याने ५० मीटरच्या वळणावर ताशी २५ किलोमीटरपर्यंतचे काम घर्षणाशिवाय भागते.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. बाटलीचा प्रयोग आम्ही येत्या रविवारी बसमध्ये करणार आहोत. एकच शंका उरली आहे. नळ्यांची संख्या विषम असेल, तर समोरच्या खोबणीत पाणी भरलेली नळी ठेवायला आम्हाला शिकवले आहे. त्याचाही संबंध याच बलाशी आहे का?

उद्यमबाग ओतकाम

थेट संबंध आहे. नळी आणि तिची खोबण मिळून १०० ग्रॅम वजन धरा. वर काढलेल्या त्वरणाने तिला केंद्राकडे ओढून ठेवण्यासाठी सुमारे ३३० न्यूटन बल लागते, म्हणजे जवळजवळ ३४ किलोच्या पोत्याला उचलून धरण्याएवढे. समोर तेवढ्याच वजनाची नळी असेल, तर तबकडी दोघींना एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढते आणि मधल्या दांड्यावर काहीच भार येत नाही. नळी एकटी असेल, तर तो सगळा भार दांडा आणि बेअरिंगवर येतो, आणि त्याची दिशा सेकंदाला अठरा वेळा गोल फिरते; मशीन थरथरते ते त्यामुळे. समोरची नळी पाण्याने भरताना वजन शक्य तितके जुळवावे. आम्लमिश्रण पाण्यापेक्षा जड असते, म्हणून हाताशी असेल तर त्याच दुधाची दुसरी नळी लावून समोर ठेवणे अधिक चांगले. वाचनाची फेरतपासणीही त्यातच होते.