टर्बो गाडीला तेलकट कापडी एअर फिल्टर? माळव्याच्या धुळीत माझं मत: नको

राजेंद्रनगरकर (इंदूर)

गाडी १.२ लिटर टर्बो पेट्रोल, चार वर्षांची, ४१,००० किमी झालेली. घरात आई धरून आम्ही पाच जण. रोज राजेंद्रनगर ते सुपर कॉरिडॉर, महिन्यातून एकदा शेतावर देपालपूरला आणि वर्षातून दोनदा बिजासन घाटातून पुण्याला. गेल्या आठवड्यात छोट्या ग्वालटोलीत साधा कागदी एअर फिल्टर आणायला गेलो, तर दुकानदाराने ५,८०० रुपयांचा धुऊन, तेल लावून पुन्हा वापरायचा कापडी फिल्टर पुढे केला. म्हणाला, "भिया, टर्बो है, इसको खुली साँस लेने दो." मी ६५० रुपयांचा कागदीच घेऊन आलो. का, ते सांगतो. पटत नसेल त्यांनी खोडून काढा.

एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण ११ किलो, म्हणजे ९,००० लिटरच्या आसपास हवा लागते. माझी गाडी १५ चं ॲव्हरेज देते. १५,००० किमीला १,००० लिटर पेट्रोल, म्हणजे ९० लाख लिटर हवा एका फिल्टरमधून जाते. आणि ती हवा कुठली? एप्रिलमध्ये गहू निघाला की देपालपूरच्या रस्त्यावर भुसा आणि काळ्या मातीची पूड उडते, इथे बायपासच्या सर्व्हिस रोडवर डंपरमागे काही दिसत नाही. स्वच्छतेत आपलं शहर २०१७ पासून सलग सात वर्षं पहिलं आलं, त्याचा मला अभिमान आहे, पण झाडलेल्या रस्त्याने बांधकामाची धूळ थांबत नाही.

जुना फिल्टर काढला तेव्हा घड्यांमध्ये गव्हाची टरफलं, एका पाखराचा पंख आणि बोटांत धरली तर टाल्कम पावडरीसारखी करडी भुकटी होती. मग इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपच्या तोंडात पांढरा रुमाल फिरवला. कोरा निघाला. मला फिल्टरकडून एवढंच हवंय.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. त्याचं चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतं. फिल्टरमधून निसटलेला कण आधी या चाकाच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पात्यांवर आपटतो, मग सिलिंडरमध्ये जातो. समजा एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९८. दुकानात हा फरक दीड टक्क्याचा वाटतो. इंजिनाच्या बाजूने बघा: १०० ग्रॅममागे एकीकडे अर्धा ग्रॅम आत जातो, दुसरीकडे दोन ग्रॅम. चौपट! कुटुंबाची गाडी दहा वर्षं चालवायची असेल तर मी ही चौपट धूळ कशासाठी घेऊ?

विजयनगर_टर्बो

मी तीन वर्षं, ५२,००० किमी कापडी फिल्टरच वापरतोय. इंजिन उत्तम आहे. तुमचे ९८ आणि ९९.५ हे "समजा"चे आकडे आहेत. चांगल्या कंपनीचा कापडी फिल्टरही ९८ च्या वर जातो. के अँड एन ही कंपनी १९६९ पासून याच धंद्यात आहे, कॅलिफोर्नियात मोटरसायकलवाल्यांनी सुरू केलेली. वाळवंटातल्या शर्यतींत असे फिल्टर चालतात आणि आपल्या बायपासला चालणार नाहीत?

पिकअपचा फरक पहिल्याच दिवशी जाणवला. १,८०० आरपीएमच्या पुढे गाडी लवकर उचलते. आणि दर वर्षी एक कागदी फिल्टर कचऱ्यात टाकण्यापेक्षा एकच फिल्टर जन्मभर धुऊन वापरणं चांगलं नाही का? ओला-सुका वेगळा करणाऱ्या शहरातली माणसं आहोत आपण.

राजेंद्रनगरकर

दादा, एकच विचारतो. कापडी बसवण्याआधी जो कागदी होता तो किती किमी चाललेला होता?

विजयनगर_टर्बो

साधारण २४,००० असेल.

राजेंद्रनगरकर

मग तुलना जुन्या कागदीशी नव्या कापडीची झाली. त्या दिवशी ६५० रुपयांचा नवा कागदी बसवला असता तरी गाडी हलकी वाटली असती.

टर्बोचं गणित तर आणखी वेगळं आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, इथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. समजा पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर कागदी फिल्टरमध्ये त्यातले २ जातात आणि कापडीमध्ये १. टर्बो नसलेल्या इंजिनाला तो एक किलोपास्कल थेट कमी मिळतो. टर्बोच्या गाडीत मात्र किती दाब हवा ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. तो गाठेपर्यंत वेस्टगेट (टर्बोचा जोर कमी करणारी झडप) बंद ठेवतो, टर्बो किंचित जास्त फिरतो आणि भरपाई होते. म्हणजे "टर्बोला तर मोकळा फिल्टर हवाच" हे दुकानातलं वाक्य रोजच्या चालवण्यात नेमकं उलटं आहे. ईसीयूचं ट्यूनिंग बदलून दाब वाढवला असेल त्यांची गोष्ट वेगळी, ती माझी गाडी नाही.

ॲव्हरेजचंही तेच. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून आजच्यासारख्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या तपासल्या. ॲव्हरेजमध्ये लक्षात घ्यावा असा फरक पडला नाही, फक्त पूर्ण जोर मागितल्यावर गाडी मंद झाली. पूर्ण चोंदलेल्या फिल्टरने ॲव्हरेज पडत नसेल, तर थोड्या मोकळ्या फिल्टरने ते वाढणार कुठून?

आणि शर्यतीचं इंजिन शर्यत झाली की उघडतात. माझं उघडायची वेळ येऊ नये म्हणून तर मी फिल्टर बघतो.

लष्करवाले (ग्वाल्हेर)

इंदूरकरांनो, मे-जूनची आमची आंधी बघितलीत तर तुमची धूळ काहीच वाटणार नाही. मी कागदीवाल्यांच्या बाजूने, पण कारण साधं आहे. कापडी फिल्टर धुतला की सावलीत पूर्ण वाळवावा लागतो, मग तेल द्यायचं, ते सगळीकडे पसरू द्यायचं. तोवर गाडी उभी. मला रोज सकाळी लष्करहून मालनपूरला कामावर जायचंय. आंधीच्या दिवसांत ८,००० किमीला फिल्टर बदलतो आणि मोकळा होतो.

सुदामानगर_मृणाल

माझा अनुभव दोघांच्याही मधला आहे. भावाने वाढदिवसाला कापडी फिल्टर दिला, दीड वर्ष छान चालला. पहिल्यांदा मी स्वतः धुतला आणि तेल जरा सढळ हाताने दिलं. कापडाचा रंग एकसारखा लाल होईपर्यंत द्यायचं असं वाचलं होतं, मी घड्यांच्या तळाशी थेंब साचेपर्यंत दिलं. चार दिवसांनी राऊच्या पुढे इंजिनाचा दिवा लागला. गाडी थांबून थांबून उचलत होती, मुलगा मागे झोपलेला, ट्रक हॉर्न देत होते. फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये हवा मोजणारी जी बारीक गरम तार असते, तिच्यावर तेलाचा थर आणि त्यावर धूळ बसली होती. खास स्प्रेने साफ केल्यावर दिवा गेला.

फिल्टर वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण ज्या वस्तूची देखभाल चुकली की गाडी रस्त्यात अडते, ती घरच्या गाडीत मला नको. हेही सांगते की बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांत ही तार नसतेच, पुढे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत) दाब मोजणारा सेन्सर असतो. तुमच्या गाडीत फिल्टरच्या डब्यानंतर लगेच पाइपला वायरचा प्लग आहे का ते आधी बघा.

विजयनगर_टर्बो

ताई, माझ्या गाडीत ती तार नाही, त्यामुळे ती भीती मला लागू नाही. पण तेल मोजून द्यावं हे खरं. राजेंद्रनगरकर, पैशांबद्दल मात्र तुम्ही गप्प आहात.

राजेंद्रनगरकर

तेही मांडतो. दीड लाख किमीला १५,००० च्या हिशेबाने दहा कागदी, ६,५०० रुपये. कापडी ५,८००, वर धुण्याचं आणि तेलाचं किट. जवळपास बरोबरी. कचऱ्याचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गॅरेजातला_माणूस (पीथमपूर रोड)

बावीस वर्षं गाड्या उघडतोय, म्हणून लिहितो. तुम्ही दोघेही कापड की कागद यावर भांडताय. मी आत धूळ गेलेल्या जितक्या गाड्या पाहिल्या त्यातल्या बहुतेकांत दोष फिल्टर बसवण्यात होता. डब्याच्या चार क्लिपांपैकी एक तुटलेली, किंवा खालची खाच न बसवता झाकण दाबलेलं. रबरी कड एका कोपऱ्यात दुमडली की हवा तिथूनच जाते, कारण तिथे तिला अडवणारं काही नाही. मग वर ९९.५ टक्क्यांचा फिल्टर असला तरी काय उपयोग? बाहेरच्या कंपनीचा फिल्टर घेताना म्हणूनच कड बघा. मूळ फिल्टरची कड मऊ असते, दाबली की परत फुगते. काही बाहेरच्यांची कडक आणि जाड असते, झाकण एका बाजूला उचललेलं राहतं.

दुसरं, कागदी फिल्टरवर कॉम्प्रेसरने हवा मारू नका आणि मारू देऊ नका. प्रत्येक सर्व्हिसला "फिल्टर साफ केला" असं बिलात लिहितात. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. शिवाय वापरात कागदावर धुळीचा जो पातळ थर बसतो, तो स्वतःच बारीक कण अडवतो. थोडा मळलेला कागदी फिल्टर नव्यापेक्षा चांगला गाळतो. हलकेच आपटून टरफलं पाडा, नाहीतर बदला.

तिसरं, टर्बोतली गरम हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपमध्ये तेल दिसलं की लोक कापडी फिल्टरला दोष देतात. इंजिनाच्या खालच्या भागातली (क्रँककेसमधली) तेलाची वाफ फिल्टरनंतरच्या पाइपात सोडलेली असते. कागदी फिल्टरच्या गाडीतही तिथे थोडं तेल सापडतंच.

आणि डबा काढून बॉनेटखाली शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावणाऱ्यांना हात जोडून सांगतो, काढा. आवाज मिळतो, पण हवा इंजिनाच्या उष्णतेतली जाते. टर्बोला गार हवा लागते.

राजेंद्रनगरकर

कडेचं पटलं. मी तसा विचारच केला नव्हता. आज दुकानदाराला फोन करून विचारलं की कापडी फिल्टरचा आयएसओ ५०११ चाचणीचा कागद आहे का. त्याच चाचणीत फिल्टर किती धूळ अडवतो, किती धरून ठेवतो आणि किती दाब खातो हे तिन्ही मोजतात. त्याने डब्यावरचा "जास्त हवा" हाच मजकूर वाचून दाखवला. किती धूळ अडवतो ते कुठेच छापलेलं नाही. ५,८०० रुपये मागणाऱ्याने मला हा एक आकडा द्यायला हवा, यावर मी ठाम आहे.

विजयनगर_टर्बो

ही मागणी रास्त आहे. पण आकडा छापला नाही म्हणून वस्तू वाईट ठरत नाही. तुमच्या ६५० च्या डब्यावर तरी छापलाय का?

राजेंद्रनगरकर

नाही. पण माझा फिल्टर गाडी बनवणाऱ्याच्या सुट्या भागांतला आहे. वॉरंटी त्याने दिली आहे, इंजिन बिघडलं तर फिल्टरवर बोट दाखवायला त्याला जागा नाही. तुम्ही एक करा, रविवारी डबा उघडा आणि फिल्टरनंतरच्या पाइपात पांढरं कापड फिरवा.

विजयनगर_टर्बो

आज सकाळी पोह्यांच्या आधी केलं. तुमच्यासारखा कोरा रुमाल निघाला असता तर मीच आधी लिहिलं असतं. बराच भाग स्वच्छ, पण बॅटरीच्या बाजूच्या कोपऱ्यात करंगळीच्या जाडीची तपकिरी रेघ. कापड नाकाशी नेलं तर तेलाचा वास नाही, नुसती माती.

गॅरेजवाले दादा बरोबर होते. त्याच कोपऱ्यात कड बाहेरच्या अंगाला दुमडलेली आहे, आणि त्या घडीत धूळ घट्ट बसली आहे, म्हणजे बरेच दिवस तशीच असणार. माझं म्हणणं अजून तेच आहे, गळती कडेतून आहे, कापडातून नाही. पाइप पुसून, कड सरळ करून, चारही क्लिपा बघून तोच फिल्टर परत बसवला. ओडोमीटर ८३,४१० ला आहे. ८४,००० ला पुन्हा पांढरं कापड फिरवतो. रेघ परत आली तर छोट्या ग्वालटोलीत तुमच्यासोबत येतो.