मदत हवी आहे : नऊ वर्षांच्या मुलीच्या अन्ननलिकेची शस्त्रक्रिया

माझ्या मुलीला अकॅलेशिया, म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू गिळताना सैल न पडण्याचा विकार, असल्याचे बेरियम तपासणी (बेरियम पाजून काढलेला एक्स-रे) व मॅनोमेट्रीतून (अन्ननलिकेतला दाब मोजण्याची तपासणी) निश्चित झाले आहे. उकड्या तांदळाची पेजसुद्धा वरून पाणी प्यायल्याखेरीज उतरत नाही, रात्री उशीवर न पचलेली शिते सापडतात आणि वजन घटत चालले आहे. एंडोस्कोपीत दुसरा अडथळा आढळला नाही. फुग्याने अन्ननलिका रुंद केल्यावर काही महिने बरे गेले, मग त्रास परतला. स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्स इंजेक्शनचा परिणाम तात्पुरता असल्याने तो पर्याय आम्ही सोडला.

आता एक तर पोटावर छोटी छिद्रे पाडून दुर्बिणीतून हेलर मायोटॉमी, ज्यात स्नायू कापून जठराच्या वरच्या भागाचे आवरण त्यावर शिवतात, किंवा तोंडावाटे एंडोस्कोपीने होणारी पोएम, ज्यात तोच स्नायू आतून कापतात. आतल्या अस्तराला छिद्र पडण्याचा धोका दोन्हींत आहे. पोएममध्ये असे आवरण नसल्याने पुढे आम्ल वर येण्याची शक्यता अधिक, असे डॉक्टरांनी सांगितले. तिला अख्खे आयुष्य काढायचे असल्याने मला याचीच जास्त काळजी वाटते. तिला सौम्य दमाही आहे.

आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजखेरीज बेळगाव वा मुंबईला जाण्याचीही तयारी आहे. ज्यांच्या मुलांवर यांपैकी शस्त्रक्रिया झाली, त्यांनी कृपया सांगावे : भुलेत अन्न फुप्फुसात जाऊ नये म्हणून किती दिवस आधीपासून केवळ पातळ आहार दिला होता, आणि दोन-तीन वर्षांनंतर मुलाचे गिळणे व आम्लाचा त्रास कसा आहे?