हायड्रॉलॉजी: १०० वर्षांचा पूर इतक्या लवकर परत कसा येतो? आणि युनिट हायड्रोग्राफ

टीई_सिव्हिल_सांगली
टीई सिव्हिलला आहे. हायड्रॉलॉजीचे फॉर्म्युले पाठ आहेत, गणितं पण सुटतात, पण विषय कळलाय असं काही वाटत नाही. दोन ठिकाणी अडलोय. एक म्हणजे रिटर्न पिरियड. आमच्याकडे २००५ ला पूर, २०१९ ला पूर, मग लगेच २०२१ ला परत, आणि दरवेळी कोणीतरी म्हणतंच की शंभर वर्षांत असा पूर आला नव्हता, मग १०० वर्षांचा पूर म्हणजे नक्की काय? दुसरं युनिट हायड्रोग्राफ, म्हणजे पाऊस पडल्यावर विसर्ग वेळेनुसार कसा बदलतो त्याचा आलेख. ६ तासांच्या पावसाचा दिलाय, १२ तासांचा काढा, मी शिफ्ट करून बेरीज करतो आणि २ ने भागतो, उत्तर येतं, पण का भागतो ते सांगता येत नाही. व्हायवाला हेच विचारतात. कोणीतरी नीट समजावून सांगा प्लीज.

पाणलोट
रिटर्न पिरियडचं सांगतो. १०० वर्षांचा पूर म्हणजे तेवढा किंवा त्याहून मोठा पूर कुठल्याही एका वर्षात यायची शक्यता १ टक्का, बस एवढंच. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीचा टक्का कमी होत नाही, ते परत १ टक्काच. आता n वर्षांत निदान एकदा यायची शक्यता काढ, १ वजा (०.९९ चा n वा घात). ५० वर्षांसाठी ती येते साधारण ३९.५ टक्के, १०० वर्षांसाठी ६३ टक्के. म्हणजे ५० वर्षं टिकावा म्हणून बांधलेला पूल १०० वर्षांच्या पुरावर डिझाइन केला तरी त्याच्या आयुष्यात तो पूर ओलांडला जायची शक्यता जवळपास चाळीस टक्के आहे, हा आकडा एकदा स्वतःच्या हाताने काढून बघ, मग विषय वेगळाच दिसायला लागतो. म्हणूनच मोठ्या धरणाच्या सांडव्याला १०० वर्षं चालत नाहीत, आयएस ११२२३ या भारतीय मानकाप्रमाणे साठा ६० दलघमीच्या (दशलक्ष घनमीटर) वर किंवा हेड (पाण्याची उंची) ३० मीटरच्या वर गेला की थेट पीएमएफ, म्हणजे तिथे येऊ शकेल असा जास्तीत जास्त पूर, घ्यावा लागतो.

आणि तुझे ते तीन पूर, ते तिन्ही १०० वर्षांचे होते हे लोकांच्या बोलण्यावरून ठरत नाही. दरवर्षीचा सगळ्यात मोठा विसर्ग घ्यायचा, अशी बरीच वर्षं, त्याला गम्बेल किंवा लॉग पिअर्सन हे संभाव्यता वितरण बसवायचं, मग कळतं कुठला पूर किती वर्षांचा. शिवाय हे सगळं गणित असं धरून चालतं की पाऊस, नदीचं पात्र, वरची धरणं, जमिनीचा वापर यात फार बदल झालेला नाही. तसं नसेल तर जुन्या आकड्यांवरचे १०० वर्षं आज १०० राहत नाहीत. आणखी एक, ठिकाण सांगितल्याशिवाय रिटर्न पिरियडला अर्थ नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिमीसुद्धा नाही. शहर एकच, पण दोन्हीकडचा रिटर्न पिरियड एक असूच शकत नाही.

तास_आणि_सेमी
युनिट हायड्रोग्राफ मी घेतो. १ सेमी प्रभावी पाऊस, म्हणजे मुरणं बिरणं वजा जाऊन जो वाहतो तो, पाणलोटावर सगळीकडे सारखा, ठरावीक तासांत पडला तर पाणलोटाच्या तोंडाशी जो डायरेक्ट रनऑफ, म्हणजे त्या पावसाचं थेट वाहून आलेलं पाणी, दिसतो त्याचा आलेख म्हणजे युनिट हायड्रोग्राफ, यूएच. शर्मन यांनी १९३२ ला मांडलं. समज पाणलोट १०० चौ. किमी आहे, त्यावर १ सेमी म्हणजे १ दलघमी पाणी. तर आलेखाखालचं क्षेत्रफळ १ दलघमीच यायला पाहिजे. दर तासाचे ऑर्डिनेट (त्या त्या वेळचा विसर्ग) असतील तर त्यांची बेरीज सुमारे २७८ घनमीटर प्रति सेकंद. ही चाचणी प्रत्येक गणितात कर, चूक तिथल्या तिथे सापडते.

आता तुझं २ ने भागणं. ६ तासांत १ सेमी पडला, लगेच पुढच्या ६ तासांत आणखी १ सेमी. दोन आलेख, दुसरा ६ तास सरकवलेला, बेरीज केली. ही बेरीज कशाची? १२ तासांत २ सेमीची. आपल्याला हवा १ सेमीचा, म्हणून २ ने भागायचं. व्हायवाला एवढं सांग. पण हे चालतं ते रनऑफ पावसाच्या प्रमाणात वाढतो असं धरल्यामुळे, आणि पाऊस सगळीकडे सारखा पडतो हे पण धरलेलं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीच्या वर आणि खाली वाईला हजारच्या आत, असा पाणलोट एकाच यूएचमध्ये कोंबला तर उत्तर येईल पण ते कामाचं नाही, तिथे तुकडे करावे लागतात.

विसर्ग_नोंद
सांगलीचा आहेस ना, मग पुस्तकासोबत बातम्या वाच. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, ही झाली स्टेज, म्हणजे पाण्याची पातळी. कोयना धरणातून ५० हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) सोडले, हा डिस्चार्ज, म्हणजे विसर्ग. तोच दिवसभर चालू राहिला तर ४.३२ टीएमसी (अब्ज घनफूट), हे आकारमान, ५०,००० गुणिले ८६,४००, करून बघ. फूट, क्युसेक, टीएमसी तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि पोरं इथेच गोंधळतात. फुटावरून क्युसेक काढायला रेटिंग कर्व्ह, म्हणजे कुठल्या पातळीला किती विसर्ग त्याचा आलेख, लागतो, आणि सांगलीला तो एका रेषेत बसत नाही कारण पुलाच्या खाली हरिपूरला वारणा मिळते, वारणेला पाणी असलं की कृष्णेला फुगवटा येतो, पातळी चढते पण विसर्ग त्या मानाने वाढलेला नसतो. पूर चढताना आणि उतरताना पण एकाच फुटाला विसर्ग वेगळा असतो.

टीई_सिव्हिल_सांगली
भागाकाराचं आत्ता कळलं, थँक्यू सगळ्यांना. पण ६ तासांवरून ४ तासांचा काढायचा असेल तर? तिथे सरकवून बेरीज चालणारच नाही ना.

तास_आणि_सेमी
नाही चालत, तिथे एस-कर्व्ह. ६ तासांचा यूएच ६-६ तासांनी सरकवत बेरीज करत जा, म्हणजे पाऊस थांबतच नाही असं झालं, ताशी १/६ सेमी. तोच एस-कर्व्ह ४ तास सरकवून मूळातून वजा कर, उरतो तो ४ तासांच्या पावसाचा, म्हणजे ४/६ सेमीचा. मग १ सेमीसाठी ६/४ ने गुण. शेपटीकडे ऑर्डिनेट वरखाली नाचतात, ते हाताने स्मूथ करायचे आणि परत क्षेत्रफळ १ सेमी पावसाच्या पाण्याइतकं येतंय का बघायचं.