'आकाश' नेमकं बनवतं कोण? (अप्रेंटिसशिपबद्दलही विचारायचंय)

वऱ्हाडी_पोट्टा: मी अमरावतीचा, मेकॅनिकल डिप्लोमा. ऑपरेशन सिंदूरनंतर 'आकाश' क्षेपणास्त्राचं नाव घरोघरी पोचलं. मामा म्हणतात डीआरडीओनं बनवलं, मित्र म्हणतो हैदराबादच्या भारत डायनॅमिक्सनं. खरं कोण? अन् तिथं अप्रेंटिस म्हणून गेलो तर शिकायला काय मिळंल?

कंचनबागचे_काका: दोघंही बरोबर. आराखडा डीआरडीओचा, जोडणी भारत डायनॅमिक्सची म्हणजे बीडीएलची, रडार भारत इलेक्ट्रॉनिक्सचं. 'आकाश'चं वजन ७०० किलोंच्या वर, पल्ला साधारण २५ किलोमीटर. रॅमजेट जातीचं इंजिन असल्यानं जळायला लागणारा ऑक्सिजन ते हवेतूनच घेतं.

बीडीएल कंपनी १९७० ची. सुरुवात फ्रेंच रणगाडाभेदी क्षेपणास्त्रांपासून, नंतर त्याच कामाचं मिलान. मिलान उडालं की मागं बारीक तार उलगडत जाते. नेमबाजानं नुसता रणगाड्यावर नेम धरून ठेवायचा, दिशेची दुरुस्ती त्या तारेतून क्षेपणास्त्राला पोचते. मला अजून ते 'आकाश'पेक्षा जास्त आवडतं.

मी बीडीएलच्या क्वालिटी म्हणजे तपासणी विभागात होतो. लोकांना वाटतं आत ठिणग्या उडत असतील. अरे, तिथं ठिणगीचीच तर भीती! मनगटाला अर्थिंगचा पट्टा, हातात टॉर्क रेंच, आणि बाजूला कागदांचा गठ्ठा. बोल्ट कुणी आवळला, किती आवळला, कुणी तपासला, सगळ्यावर सही. क्षेपणास्त्र वर्षानुवर्षं कोठारात पडून राहतं आणि ज्या दिवशी लागेल त्या दिवशी चालावंच लागतं. मुदत संपत आलेली परत येतात, त्यांचं आयुष्य वाढवून द्यायचं हेही कारखान्याचंच काम.

तेजीवाला_नाना: बीडीएलचा शेअर २०१८ च्या आयपीओत ४२८ रुपयांना मिळत होता. आता घ्यावा का?

कंचनबागचे_काका: नाना, त्याला वेगळा धागा काढा.

वऱ्हाडी_पोट्टा: अन् आमच्या अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेचा बीडीएलचा कारखाना? शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय. ड्रोनचं काही आहे का तिकडं?

कंचनबागचे_काका: नांदगाव पेठेच्या भरवशावर बसू नकोस बाबा. ड्रोनवरून सोडायच्या क्षेपणास्त्राची चाचणी जुलै २०२५ मध्ये कर्नूलला झाली, त्याच्या उत्पादनात बीडीएल भागीदार आहे. नॅट्स या सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदव आणि जाहिरातींवर लक्ष ठेव. हैदराबादचा कंचनबागचा कारखानाच हवा असा हट्ट नको, रणगाडाभेदीचं काम बीडीएलच्या भानूरच्या कारखान्यात चालतं. मुलाखतीत देशभक्तीवर भाषण ठोकू नकोस. मायक्रोमीटर हातात दिला तर रीडिंग बरोबर आलं पाहिजे, आणि ड्रॉइंगवरचे टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, वाचता आले पाहिजेत.

वऱ्हाडी_पोट्टा: मायक्रोमीटर येते काका. व्हर्नियरवर थोडा अडकतो.

कंचनबागचे_काका: मग आजपासून व्हर्नियर.