गर्भाशयमुखाचा कॅन्सर : पाच वर्षं जगण्याचा आकडा ओपीडीत सांगावा का?

करवीर_ऑन्को
वय, स्टेज, गाठीचा आकार, पेशींचा प्रकार भरला की पाच वर्षं जगण्याची टक्केवारी देणारी कॅल्क्युलेटरं आता मोबाईलवरच उघडतात. माझं मत स्पष्ट आहे : कोल्हापुरात हा आकडा नातेवाइकांसमोर काढू नये. यातली बरीच मॉडेलं अमेरिकेच्या ‘सीअर’ या सरकारी कॅन्सर नोंदणीतल्या नोंदींवर बांधलेली आहेत. किमो दिली का, एवढंच तिथं कळतं. सिस्प्लॅटिन या किमोच्या औषधाचे किती डोस झाले, हिमोग्लोबिन किती होतं, रेडिएशन किती दिवसांत संपलं, याची नोंदच नाही. आपल्याकडे निकाल याच गोष्टींवर फिरतो. बाहेरून रेडिएशनचे २५ शेक, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन ४० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, मग ब्रेकी (आतून, गाठीजवळ द्यायचं रेडिएशन), हे सगळं ५६ दिवसांत बसायला हवं. त्यापुढं लांबलेल्या प्रत्येक दिवसामागं आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण अर्धा ते एक टक्का घटते. लांबच्या चंदगडहून रोज ये-जा करणाऱ्या बाईचे आठ दिवस बुडणं अवघड नाही.

आकडेशास्त्र
साफ असहमत. आकडा सांगितला नाही तर घरचे स्वतःचा आकडा धरतात, आणि तो बहुतेक वेळा शून्य असतो. ‘कॅन्सर म्हणजे संपलं’ म्हणून निम्म्यावर उपचार सोडतात. टाटा हॉस्पिटलचा थ्री-बी स्टेजचा (आजार ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेला किंवा किडनी फुगलेली) अभ्यास २०१८ साली आला, ८५० महिलांचा. पाच वर्षांनी हयात : किमोसह रेडिएशन ५४ टक्के, नुसतं रेडिएशन ४६. इतक्या पुढच्या स्टेजलाही निम्म्याहून जास्त! हे कानावर घातलं तर सहावी किमो चुकत नाही.

दुसरं, ५६ दिवस पाळले का हे पहिल्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. पुढं घडणारी गोष्ट आधीच्या अंदाजात घातली तर मॉडेल फसवं होतं. म्हणून अंदाज दोनदा काढा : एक सुरुवातीला, दुसरा शेवटच्या ब्रेकीनंतर, त्या दिवशी हयात असलेल्यांपुरता.

ब्रेकी_रूम
दिवस नेहमी पेशंटमुळेच लांबत नाहीत. ७ ग्रेची (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या मात्रेचं माप) ब्रेकीची ४ सत्रं आठवड्याला एक या हिशेबानं शेक संपल्यावर सुरू केली, तर ५६ दिवस आपल्याच वेळापत्रकात उलटतात. गाठ आकसली असेल तर पाचव्या आठवड्यातच पहिलं सत्र घ्या, किंवा आठवड्याला दोन करा. मूत्रवाहिनी दबून किडनी फुगली असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती चालते याचं माप) चढतं आणि सिस्प्लॅटिन अडतं. स्टेंट किंवा नळी आधी टाकली तर किमो वेळेत सुरू होते. हे दुरुस्त होण्यासारखं आहे, नशिबाच्या खात्यात टाकू नका.

करवीर_ऑन्को
मान्य, पण स्टेजचा घोळ राहतोच. २०१८ च्या फिगोमध्ये (स्टेज ठरवण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत) ओटीपोटातल्या लसिकाग्रंथीत आजार दिसला की थेट थ्री-सी-वन, म्हणजे थ्री-बीच्याही वरची स्टेज. त्यात गाठ लहान असलेली बाई थ्री-बी वालीपेक्षा बरी राहू शकते. जुन्या स्टेजवरच्या मॉडेलात नवी स्टेज भरली तर उत्तर चुकणारच. एमआरआय न करता नुसत्या तपासणीवर स्टेज लावली असेल तर आणखी.

आकडेशास्त्र
म्हणूनच मॉडेल इथल्या पेशंटवर तपासायचं. नुसत्या सी-इंडेक्सवर (कुणाला धोका जास्त, कुणाला कमी हा क्रम मॉडेल किती बरोबर लावतं, याचं माप) भाळू नका. प्रत्येकीला २० टक्के जास्त दाखवलं तरी क्रम तोच राहतो आणि सी-इंडेक्स हलत नाही. ज्यांना ७० टक्के सांगितलं त्यांतल्या खरोखर किती जगल्या, ते बघा. नवं मॉडेल बांधायचं तर प्रत्येक घटकामागं किमान दहा मृत्यू हा ढोबळ नियम. तेवढी संख्या नसेल तर जुन्याच मॉडेलचा पाया इथल्या आकड्यांनी दुरुस्त करा.

आजरा_गटप्रवर्तक
इथले आकडे आणणार कुठून? चौदाव्या महिन्यानंतर आली नाही की तुमच्या जगण्याच्या आलेखात ती ‘शेवटची भेट : हयात’ म्हणून बाजूला होते, आणि उरलेल्यांइतकाच तिला धोका होता असं धरलं जातं. परतलेला आजार बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच दिसतो. न येणाऱ्यांत आजार उलटलेल्या जास्त असतात, त्यामुळं आलेख खोटाच उंच राहतो. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी भेट, चुकली तर आठवड्यात फोन, नाही लागला तर आशाताई घरी, शेवटी ग्रामपंचायतीची मृत्यूनोंद. बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून गावोगाव फिरूनच चालते. केसपेपरवर दोन मोबाईल नंबर लिहा, एक माहेरचा.

करवीर_ऑन्को
हे झालं तर दुसरा अंदाज, ब्रेकीनंतरचा, मी सांगेन. पहिल्या दिवशीचा मात्र अजूनही नाही.

आकडेशास्त्र
पहिल्या दिवशीच तर घरचे ठरवतात, उपचार करायचे की परत न्यायचं. कोरडी टक्केवारी नको असेल तर ‘अशा दहापैकी पाच-सहा जणी’ म्हणा, पण म्हणा.