'देवाला आवडली' असे मुलांना सांगावे का?

धर्मशिक्षिका, सोलापूर
२ नोव्हेंबरला, म्हणजे मृतात्म्यांच्या स्मरणदिनी, मी धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन दफनभूमीत गेले होते. थडग्यांवर झेंडूची फुले वाहून मेणबत्त्या लावून झाल्यावर, दोन महिन्यांपूर्वी ज्याची आजी वारली असा एक सात वर्षांचा मुलगा मला म्हणाला, "आजी देवाला आवडली म्हणून त्याने तिला नेले, असे पप्पा सांगतात. मग मी देवाला आवडू नये म्हणून काय करू?"

तेव्हापासून माझे मत ठाम झाले आहे की हा वाक्प्रचार आपण मुलांसमोर वापरू नये. कॅथोलिक बायबलमधील ज्ञानाच्या पुस्तकात (१:१३) देवाने मृत्यू निर्माण केला नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. आणि लाजरच्या कबरीपाशी येशू रडला, हे योहानाच्या शुभवर्तमानात (११:३५) आहे. ज्याला मृत्यू आवडतो तो मित्राच्या कबरीपाशी रडेल कशाला?

एक आजोबा, रेल्वे लाईन्स
बाई, आपला हेतू चांगला आहे, पण आपण मराठी भाषेलाच कोर्टात उभे करत आहात. माझी आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि मलाही हेच सांगण्यात आले होते. त्यामुळे माझी श्रद्धा काही बिघडली नाही. आमच्या चाळीत मराठी, तेलुगू, कन्नड अशी सगळी घरे होती आणि प्रत्येक घरात मृत्यूसाठी असाच एखादा मऊ शब्द होता. 'मेली' हा शब्द तर आपल्याकडे शिवी म्हणून वापरतात. तो लेकराच्या कानावर घालायचा का?

शिवाय मृत्यू म्हणजे काय, हे सोलापूरच्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची गोष्ट ते शाळेत ऐकतेच.

धर्मशिक्षिका, सोलापूर
'मेली' म्हणा, असे मी म्हटलेले नाही. 'वारली' हा शब्द आहे की. हुतात्म्यांच्या गोष्टीत मरणाला कारण असते, देश असतो, चौकात पुतळे असतात. आजी मात्र रात्री खोकत होती आणि सकाळी नव्हती. त्या गोष्टीवरून ही गोष्ट उलगडत नाही.

परखड
माझा आक्षेप दोघांवरही आहे. हल्ली प्रत्येक अंत्यविधीत माणूस थेट स्वर्गात पोहोचल्याचे जाहीर होते. तसे असेल तर २ नोव्हेंबरची मिस्सा, म्हणजे मृतांसाठीची चर्चमधील उपासना, कोणासाठी अर्पण करायची? देवाच्या कृपेत मरण पावलेल्या, परंतु पूर्ण शुद्ध न झालेल्या आत्म्यांचे तारण निश्चित असले तरी त्यांना शुद्धीकरणातून जावे लागते, असे कॅथोलिक चर्चचा अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथ (क्रमांक १०३०) सांगतो. न्याय आणि शुद्धिस्थान, म्हणजे हे शुद्धीकरण, वगळून नुसती दया शिकवली, तर मुले दयेला गोळ्या-बिस्किटांसारखी फुकट मिळणारी वस्तू समजतील.

दोन मुलांची आई
'दोन मुलांची' असे मी मुद्दाम लिहिले आहे. माझे धाकटे बाळ जन्मानंतर काही तासांतच गेले आणि स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) देण्याइतका वेळही मिळाला नाही. मोठीने विचारले, "बाळ कुठे आहे?" घरातल्या एका वयस्कर बाईंनी तिला सांगितले की अशी बाळे स्वर्गाच्या बाहेर, लिंबो नावाच्या जागी राहतात. त्यानंतर मुलगी कित्येक रात्री झोपेतून दचकून उठत असे.

नंतर एका फादरांनी शांतपणे समजावले की लिंबो ही जुनी धर्मशास्त्रीय कल्पना होती, श्रद्धेचा सिद्धांत नव्हे. व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने २००७ मध्ये या प्रश्नावर सविस्तर दस्तऐवज काढला, आणि अशा बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवते, हे तर धर्मशिक्षण ग्रंथात (क्रमांक १२६१) आधीच लिहिलेले होते. 'बालकांना माझ्याकडे येऊ द्या' हे येशूचे शब्द तिथेच आधाराला दिले आहेत.

मात्र 'बाळ नक्की स्वर्गात आहे' असे त्या फादरांनी सांगितले नाही. 'आम्ही आशा करतो' एवढेच ते म्हणाले. सुरुवातीला मला ते अपुरे वाटले. पण मुलीला ते पटले, कारण आशा करणे हे काम तिलाही करता येण्यासारखे होते. तेव्हापासून ती रोज रात्री बाळाचे नाव घेते. परखड यांना सांगावेसे वाटते की ज्या घरात असे घडले आहे, तिथे कोणी दयेला फुकटची वस्तू समजत नाही.

परखड
आपल्या दुःखापुढे मी वाद घालणार नाही. परंतु आपण सांगितलेली गोष्ट माझ्याच बाजूची आहे, असे मला वाटते. खात्री दिली असती तर मुलीला प्रार्थना करण्याचे काही कारणच उरले नसते. मुलांना शुद्धिस्थान हे भट्टी म्हणून न दाखवता, आपण अजूनही आजीसाठी काही करू शकतो, अशा रीतीने शिकवता येईल. ते गाळू नका, एवढेच माझे म्हणणे आहे.

एक आजोबा, रेल्वे लाईन्स
ते राहू द्या. बाई, आपण त्या पोराला शेवटी काय उत्तर दिले?

धर्मशिक्षिका, सोलापूर
मी म्हटले, "देवाला तू आवडतोसच, आणि आवडतो म्हणून तो कोणाला मारत नाही." त्याने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "मग पप्पा खोटे बोलले का?" तिथे मात्र मी अडकले. येत्या रविवारी तो वर्गात येईल आणि माझ्याकडे अजून उत्तर नाही.

एक आजोबा, रेल्वे लाईन्स
त्याला सांगा की पप्पा खोटे बोलले नाहीत. त्यांची आई गेली होती, रडू येत होते, आणि त्यांना दुसरे काही सुचले नाही.