अँटीव्हायरसवर तरी भरवसा ठेवायचा का?

अंबडकर:
अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, पाच पीसी, त्यात टॅली आणि सीएनसी मशीनचे प्रोग्राम. गेल्या आठवड्यात अँटीव्हायरसनं मशीनला प्रोग्राम पाठवणाऱ्या आमच्या जुन्या डीएनसी सॉफ्टवेअरची फाइलच व्हायरस म्हणून क्वारंटाइनमध्ये टाकली, सकाळची शिफ्ट दीड तास नुसती बसून, ऑपरेटर म्हणतोय साहेब मशीनला प्रोग्रामच जात नाहीये. आता रिन्यूअलचा मेसेज आलाय आणि पैसे भरायचं मन होत नाहीये. जे आपल्या सगळ्या फायली उघडून बघतं त्याच्यावर नजर कोण ठेवणार? ठेवू का काढू?

गोदाकाठ:
दादा, शंका रास्त आहे. व्हायरस पकडायचा तर अँटीव्हायरसला विंडोजच्या पार गाभ्यात, कर्नलमध्ये शिरू द्यावं लागतं, म्हणून ते चुकलं की अख्खं मशीनच बसतं. १९ जुलै २०२४ आठवतोय ना? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीची एक अपडेट बिघडली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख मशीन निळ्या स्क्रीनवर, आपल्याकडं एअरपोर्टवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. कुणी हल्ला केला नव्हता. २०१० मध्ये मॅकॅफी अँटीव्हायरसनं तर विंडोज एक्सपीचीच एक सिस्टिम फाइल व्हायरस समजून उडवली होती, तुमच्यासारखीच गत.

सिडकोवाला:
चूक होते हो कुणाचीही, मला संताप येतो तो डेटा विकण्याचा. अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीला २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीनं, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले, लोक कुठल्या साइट बघतात ती माहिती जंपशॉट नावाच्या त्यांच्याच कंपनीतून विकली जात होती, आणि लोकांना सांगितलं होतं की आम्ही ट्रॅकिंगपासून वाचवतो! राखणदारानंच घरातलं सामान विकायचं म्हणजे काय.

गोदाकाठ:
म्हणूनच मी म्हणतो असली सॉफ्टवेअर जितकी कमी तितकं बरं. विंडोज १० किंवा ११ असेल तर मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर त्यात आहेच, विंडोजवर भरवसा टाकलाच आहे, त्यात तिसरा कशाला. पण डिफेंडर बंद करून मोकळं राहू नका, फायली लॉक करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आलं तर टॅली जाईल. डीएनसीच्या तेवढ्या एका फाइललाच एक्सक्लूजन, म्हणजे तपासणीतून सूट, द्या, अख्ख्या सी ड्राइव्हला नको. आणि बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की काढून कपाटात, लावून ठेवलेली डिस्कपण लॉक होते.

अंबडकर:
आमची डिस्क दोन वर्षं सीपीयूच्या मागंच लटकलेली आहे. आत्ता उठून काढतो.